खाष्ट बाईची खुर्ची

नाही हो, तुम्ही ओरडलात असं मी कुठं म्हणतेय — मी इथंच बाकावर बसून जाळीचं भोक शिवत होते, सगळं बघितलंय मी. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. शटल रेषेबाहेर गेलं आणि तुमच्या लेकीनं रॅकेट स्वतःच्याच मांडीवर हाणली, फाटकन. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मात्र मला राहवेना, म्हणून मध्ये पडले आणि तिला म्हटलं, जा, नळावर तोंड धुऊन ये. परकी बाई आपल्या पोरीला हुकूम सोडते म्हणून राग आला असेल तुम्हाला, येऊ दे. बसा मास, बसा ना दादा. नळाशेजारी मांजर व्यालीय, पोर लगेच काही परत यायची नाही. चहा घ्या. गोड जास्त आहे, पण आमच्या तेमांगुंगमध्ये असाच लागतो.

काय पुटपुटली ती, ऐकलंत? मी ऐकलं. ‘म्हैस’ म्हणाली. स्वतःला. बारा वर्षांची पोर, आणि आवाज कसा — एखाद्या सासूचा असावा तसा. तुम्ही म्हणाल, खेळात असं होतंच, जिद्द असते. हो, मीही तेच म्हणायचे. जिल्ह्याकडून खेळलेय मी, हो. तो भिंतीवरचा फोटो दिसतो ना, डावीकडची केस कापलेली ती मी. बावीस वर्षांची होते. उजवीकडे हसतेय ती विनार, माझी धाकटी बहीण, एकोणीसची. आम्ही दोघी जोडीनं खेळायचो. मी मागून, ती जाळीपाशी. या सभागृहात लग्न असो, मयताची बैठक असो, चटया गुंडाळल्या की लगेच आम्ही खडूनं रेषा आखायचो — तंबाखूच्या पानांचा वास यायचा सगळीकडे, आई शेतावरून हाका मारून दमायची.

तर त्या साली सेमारांगला अंतिम सामना झाला. तिसरा डाव, समोरच्या चौदावर, त्यांचीच सर्व्हिस — आणखी एक गुण की सामना त्यांचा. आणि शटल आलं माझ्याकडे — सोप्पं, तरंगत, शेजारणीनं पापड टाकावा तसं. कुणीही मारलं असतं. मी मारलं ते जाळीत. झालं. संपलं. त्यानंतर सदतीस वर्षं — मोजलीत मी — रोज सकाळी उठले की पहिलं ते शटल दिसायचं. भात करपला की स्वतःलाच शिवी — लाकडाचा हात. कप फुटला की लाकडाचा हात. नवरा गेला तेव्हा दवाखान्यात सही चुकीच्या जागी केली, तर तिथंही, त्या खिडकीपाशी उभं राहून, मनात — तुझ्याच्यानं एक गोष्ट धड होत नाही, तिन. सुप्रिहातिन नाव माझं, सगळे बु तिन, म्हणजे तिनबाई, म्हणतात. मी स्वतःला काय काय म्हणायचे, ते ऐकलंत तर कानावर हात ठेवाल.

मग विनार परत आली. पाच वर्षं झाली. सव्वीस वर्षं जोहोरमध्ये होती, मलेशियाला, लोकांच्या घरी — फरशा, भांडी, म्हातारी माणसं सांभाळणं. मग इकडं येऊन मागेलांगच्या बाजाराजवळ खोली घेऊन राहिली, शिवणकाम करायची, आणि गुडघा दुखायला लागला तेव्हा आली माझ्याकडे. आल्या आठवड्यातच म्हणाली, म्बाक — ताईच ना मी तिची — सभागृहाची किल्ली तुझ्याकडे असते ना, मग गावातल्या बायकांना बोलाव, आपण खेळू. मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, या वयातच. आणि तिचे नियम काय — गुण मोजायचे नाहीत. रॅकेट नसेल तिनं पातेल्याचं झाकण आणायचं. सारोंग नेसूनच खेळायचं. आणि जी चुकेल तिनं दहा मोजेपर्यंत बाकीच्यांना हसवायचं. तांदळाच्या दुकानातली बाई आहे ना, जाडशी, ती मुद्दाम चुकायची. बदकासारखी चालायची. हसून हसून पोट दुखायचं सगळ्यांचं.

माझं नाही. माझं शटल हुकलं की मी काय करायचे? बरोबर. मांडीवर, फाटकन. आणि तोंडातल्या तोंडात माझं सुरू. एकदा विनारनं खेळ थांबवला. म्हणाली, कोण बोलतंय ते? मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, नाही नाही, आहे कुणीतरी, फार खाष्ट बाई आहे, आणि उभं राहून दमत असेल बिचारी. तिला खुर्ची द्या. आणि खरंच गेली, ती लाल प्लास्टिकची खुर्ची रेषेच्या कडेला आणून ठेवली. बायकांनी नाव पाडलं — बु गालाक, खाष्ट बाई. मग काय विचारता. मी चुकले की सगळ्या जणी खुर्चीकडे वळायच्या — बोला बाई, काय म्हणणं आहे आपलं? कुणी तिला चहा नेऊन ठेवायचं, कुणी सोयाबीनचं तळलेलं टेंपे. मला आधी इतका संताप आला. मग हसू यायला लागलं. आणि मास, एक सांगते, त्या आवाजाला एकदा हसलं ना, की त्याची ती सासूगिरी उतरते. आवाज जात नाही. पण बसतो. खुर्चीत बसतो.

नाही, ही काही गंमतजंमत म्हणून सांगत नाहीये तुम्हाला. थांबा, पुढचं ऐका. एक दिवस बायका गेल्यावर आम्ही दोघी झाडत होतो. विनार म्हणाली, म्बाक, ते शटल माझ्याकडे आलं असतं, मी जाळीत मारलं असतं, तर मला म्हणाली असतीस का लाकडाचा हात? म्हणजे तिला वाटलं मी म्हणेन, छे, तुला कसं म्हणेन — आणि मग ती म्हणणार, मग स्वतःला का म्हणतेस. असंच ना? कुणालाही असंच वाटेल. पण मला तसं म्हणताच येईना. कारण त्याहून वाईट मी म्हणाले होते.

मघाशी तुम्हाला मी सांगितलं नाही. त्या दिवशी सेमारांगहून परत येताना बसमध्ये, खिडकीशी बसलेली ती, मी तिला म्हटलं — तू मध्ये आलीस म्हणून हुकलं माझं. तू नेहमी मध्येच असतेस. तुझ्यामुळे. सबंध घाटभर बोलत होते. ती मध्ये आली नव्हती, मास. ती दोन हात लांब होती. ती नुसता पदर — म्हणजे तो टॉवेल असतो ना गळ्यातला — तोंडात धरून बसली.

मी म्हटलं, विनार, मी म्हणाले होते तुला. ती म्हणाली, ठाऊक आहे, मी होते ना तिथं. आणि मग काय केलं असेल तिनं? दोन खुर्च्या भिंतीलगत शेजारीशेजारी लावल्या. म्हणाली, ही सेमारांगची बस. तू विनार हो, मी तिन होते. साठीला आलेल्या बायका आम्ही, आणि भातुकली. मी बसले खिडकीशी. खिडकी कसली, भिंत. ती शेजारी बसली, माझ्यासारखी मान ताठ करून — आणि मला वाटलं आता बोलेल, सगळं परत फेडेल, हक्कच होता तिचा. मी मान खाली घालून वाट बघत होते. आणि ती म्हणाली, माझ्या आवाजात, म्हणजे माझा आवाज काढून — विनार, हरलो आपण. मला फार लाज वाटतेय. तुला भूक लागलीय का?

बस्स. एवढंच. मी इतकी रडले, की समोरच्या घरातून लोक आले बघायला. तेव्हा मला कळलं, की त्या बसमध्ये त्या बावीस वर्षांच्या पोरीला नुसतं एवढं म्हणता आलं असतं — मला लाज वाटतेय. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मला तिची दया आली. स्वतःची हो. माझी मलाच. पहिल्यांदा. त्या दिवसापासून शटल दिसत नाही सकाळी. खोटं कशाला बोलू, कधीकधी दिसतं, पण मी म्हणते, ये, बस.

हो ना, गोष्ट इथं संपायला हवी. बायकांना मी इथंच संपवते ती. सगळ्या डोळे पुसतात.

तुम्ही असे का बघताय? नाही, आहे पुढं. आता तोंडातून निघालंच आहे तर — तुम्ही परके आहात, एकदा गेलात की गेलात. सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी दार्सोनो सर आले होते, आमचे कोच. मी या दारातच होते, एकटी. म्हणाले, प्रांताच्या शिबिराला एक जागा आहे, धाकटीला पाठवता का? तिचं मनगट फार चांगलं आहे. तिचं म्हणाले, माझं नाही. वडील नव्हते आम्हाला, थोरली मी, माझा शब्द घरचा शब्द. मी म्हटलं, सर, तिला नाही यायचं, तिचं लग्न ठरतंय. कुठलं लग्न, कसलं लग्न. सरळ चेहऱ्यानं म्हटलं. ते म्हणाले, बरं, मग तू येतेस? मी गेले. चार महिन्यांत परत आले, पाठवलंच त्यांनी परत. तोवर विनारनं घरकामाला बाहेर पाठवणाऱ्या एजंटकडे नाव दिलं होतं. माझं रुसलेलं तोंड बघत घरात राहायचं नव्हतं तिला, म्हणाली, मी जरा लांब जाऊन येते. आधी काही वर्षं जाकार्ताला, मग जोहोर.

सर गेले वारून. म्हणजे हे आता फक्त मला ठाऊक. आणि आता तुम्हाला.

कळतंय का तुम्हाला मी काय सांगतेय? मला आत्ता, बोलता बोलता कळतंय. सदतीस वर्षं मी शटलवरून स्वतःला झोडपलं, कारण शटल सोपं होतं. तिथं मार खाल्ला की इथं, या दारात, यायलाच नको. लोक म्हणायचे, किती कडक आहे ही स्वतःशी. कसली कडक. लपून बसले होते त्या मारामागं. सतत मार खाणाऱ्या माणसाला आणखी एक खरं बोलायचं बळ कुठून येणार — ते आलं तर हसून, खेळून, खुर्चीतल्या बाईला टेंपे खाऊ घालूनच येतं. आलंय की नाही अजून, देव जाणे. पाच वर्षं एकाच छपराखाली आहे ती माझ्या. रोज ओठावर येतं. रोज मी म्हणते, तिचा गुडघा दुखतोय, आज नको.

तुमच्या लेकीला म्हैस म्हणू देऊ नका स्वतःला. सवय लागते. आणि मग खरी चूक झाली, दुसऱ्याचं वाटोळं करणारी, की ती तिथंच जाऊन दडते. तुम्ही घरी स्वतःला काय म्हणता, तेही बघा एकदा. नाही, मला सांगू नका.

सायकलचा आवाज आला? हो, विनारच. मास, तुम्ही आता निघा. राग मानू नका, चहा राहिला तर राहू दे. पोरीला आज आणखी खेळवू नका, पुढच्या मंगळवारी आणा. मागच्या दारानं जा, नळ तिकडेच आहे. जा ना.

ये, विनार. नाही, कुणी नव्हतं, एक पाहुणे होते. कपडे नंतर बदल. बस इथं, माझ्याजवळ. हसू नकोस, खेळ नाही हा.

दार्सोनो सर आठवतात ना तुला?