शुद्ध पाण्यातले चौदा धागे

दवाखान्याच्या बाकावर बाई होणाऱ्या नातवंडासाठी निळं टोपडं विणत होत्या. शेजारी बसलेल्या मामांनी जन्मभर कचराडेपोवर बुलडोझर चालवला आणि त्यांच्यासोबत आलेली भाची आता तोच कचरा प्रयोगशाळेत तपासते, एवढं बाईंना न विचारताच कळलं होतं.

“किती खालची माती म्हणालीस?”

“बारा मीटर, मामा. माझ्या जन्माच्या वर्षी तुम्हीच दाबलेली. रंग टाकून दिव्याखाली धरली की त्यातलं प्लास्टिक तेवढं चमकतं. चमचाभर मातीत चांदणं पडलं हो!”

“अगं, आम्ही वर माती ओढून म्हणायचो, संपलं एकदाचं.”

“संपलं काहीच नाही. नुसतं बारीक झालं. आणि पुढे ऐका. बाहेरचं काही मिसळत नाही ना, या पडताळ्यासाठी शेजारी शुद्ध पाणी ठेवलं होतं. त्यातही चौदा धागे निघाले. निळे.”

“ते कुठून आले?”

“माझ्या स्वेटरचे. आदल्या दिवशी घातला होता, केसांत राहिले असणार. हल्ली लोकरही प्लास्टिकचीच असते, मामा.”

“काय सांगतेस! म्हणजे मी जन्मभर ज्या कचऱ्यावर कामाला जात होतो, तो घरातच होता म्हण की.”

बाईंच्या सुया थांबल्या. खिडकीतल्या उन्हात टोपड्यावरून काहीतरी बारीक, निळं उठलं आणि तरंगत वर आलं.

बाईंनी श्वास रोखून धरला.