पाय आत घ्या, भाऊ

नाही नाही, बसा की, ही जागा काही कुणासाठी धरून ठेवलेली नाही — म्हणजे बायको आहे बरोबर, पण आज आमचं बोलणं बंद आहे. ती बघा, जांभळ्या साडीतली, स्तूपाच्या कठड्याला हात लावून फेऱ्या घालतेय — गेली पलीकडे. आधी मीही तिच्यामागून फिरत होतो, पण ती उजवीकडून, मीही उजवीकडून, गाठ पडणार कशी? उलटं फिरावं तर लोक बघतात. शेवटी म्हटलं, बसावं इथेच, येईल फिरून.

भांडण कशावरून? दगडावरून. शेजारचं ते पडकं देऊळ बघितलंत ना, तिथे एक नुसतं डोकं ठेवलंय, नाक फुटलेलं. मी म्हटलं विष्णू, ती म्हणाली बुद्ध. आता माझं चष्म्याचं दुकान, उभा जन्म लोकांची नाकं-डोळे बघण्यात गेला, चेहऱ्यातलं मला कळणार की हिला? वर चारचौघांत म्हणालो, तुला दिसतं तरी काय — तेवढं म्हणायला नको होतं. झालं, घरी पोचले की थेट ताईकडे राहायला जाते म्हणाली नि निघाली तरातरा. मीही फाटकापाशी ही टोपी विकत घेतली, घातली ऐटीत. पण खरं सांगू, ती ताईकडे गेली की मला घास उतरत नाही हो. मागे गेली होती तेव्हा एका पोराला त्याच्या आजोबांचा चष्मा देऊन बसलो होतो.

बरं, रागवावं, पण किती? दोनदा पुढ्यातून गेली, ढुंकून बघितलं नाही. मग माझ्या पायाला अडखळली, थांबली — म्हटलं, विरघळली बहुतेक — तर म्हणते कशी, "जरा पाय आत घेता का, भाऊ?" भाऊ. मला. एवढा संसार केला, लेकीचं लग्न लावलं, नि भाऊ. मी मुकाट्याने पाय घेतले. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली हो, नजरेत ओळख म्हणून नाही. नजर ओळखायचा तर माझा धंदा —

घाम आलाय तुम्हाला, थांबा, रुमाल देतो — हे काय टोचतंय खिशात — अरे देवा. चष्मा. तिचा. त्या डोक्यापाशी फोटो काढताना माझ्याकडे दिला होता, नि तिथेच आमची जुंपली. उणे आठ नंबर आहे तिचा, मीच काढलाय, हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत तिला — म्हणजे या फेऱ्या नव्हेत, कठडा धरून बाहेरची वाट शोधतेय बिचारी. नि मी इथे पाय पसरून बसलोय. आणि चष्मा नसताना तिने बुद्ध ओळखला. बुद्धच होता हो. खाली पाटीवर लिहिलं होतं, मी आपला पाटी झाकून उभा राहिलो.

आली बघा. उठा तुम्ही — नाही, उठाच, तिला बसायला लागेल. ही टोपीही घेऊन जा, माझ्याकडून. निघा म्हणतो ना. अगं, इकडे — हो, इकडेच, कठडा सोड आता. मी बोलतोय. भाऊ.