पेटीवरचं फडकं

भावकू : हां, वाजव आता. माईक पेटीला बरोब्बर मधोमध टेकवलाय. मधी बोट घालाय पन जागा न्हाय.

मष्णू : मघाशी पन तिथंच लावलतास की! कॅसेट ऐकलास न्हवं? गोधडीत तोंड खुपसून कोनतरी रडायलंय असं वाटायलंय. गिटार हाय का काय हाय ते!

भावकू : मग वीतभर मागं घेऊ?

मष्णू : मागं घेतलास की खोली वाजती. पत्रा वाजतोय, चिमण्या वाजायल्यात. माझी गिटार सोडून सगळं वाजतंय.

भावकू : माझ्यावर कशाला खेकसतोस रं? भजन, लगीन, इलेक्शन, सगळीकडं माईक लावतोय मी. मानसाच्या तोंडाला कसा लावायचा ते कळतंय मला. ह्या अँप्लिफायरच्या पेटीचं तोंड कुठं हाय ते कुनाला ठावं!

मष्णू : आत स्पीकरचा कागदाचा कोन हाय बघ. त्याच्या मधी लावलं की आवाज टोचतोय, कडेला सरकवलं की गोड येतोय. असं कोल्हापूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं सांगितलंय.

भावकू : टोचू दे की बाबा! हितं कानापातुर बी यायला न्हाय, आनि ह्याला गोड पाहिजे. बरं, हे घे, कडेला. तिरका पन केला. वाजव.

मष्णू : … कॅसेट लाव आता. ऐकूया.

भावकू : जरा बरं हाय न्हवं?

मष्णू : कुठलं बरं? तार छेडली की टणकन् येतंय बघ, ते कुठं गेलं? ह्यो माझा हात न्हवंच. किती वाजले?

भावकू : चार वाजून गेले. पाचच्या गाडीवर मारुतीराव कंडक्टर हाय. स्टँडवर नेऊन त्याच्या हातात कॅसेट दिली की रातीला कोल्हापुरात. न्हायच जमलं तर पुढच्या खेपेला बघूया की.

मष्णू : कसली डोंबलाची पुढची खेप! त्यो ऑर्केस्ट्रावाला उद्या कॅसेटी ऐकून गिटारवाला ठरवनार. आनि आज अमावास्या म्हनून अख्ख्या वडगावात विनकरांचे माग बंद हाईत. उद्या खडखड सुरू झाली की हितं देव बोलला तरी ऐकू यायचा न्हाय. आप्पांनी आईकडनं निरोप धाडलाय, अमावास्येपातुर तुझं, उद्यापासनं गपगुमान मागावर बसायचं.

भावकू : आईकडनं कशाला? सवता बोलायचं की.

मष्णू : गिटार घरात आल्यापासनं माझ्याशी कुठं बोलतात ते? माईक जमिनीवर ठेव जरा… थांब. ह्ये फडकं कुठलं रं? माझ्या पेटीला काळी जाळी हुती.

भावकू : फाटलेली ती. दुरुस्तीला माझ्या दुकानात हुती तवा बदललं, आज सकाळीच परत आनली न्हवं? जमिनीवर ठेवलाय बघ. वाजव तू.

मष्णू : अरं, हात लावून बघ! घोंगडं हाय का काय? आवाज भाईर येनार कुठनं? काढ ते.

भावकू : फडक्यानं काय व्हत न्हाय गा. माईक वरनं सोडून बघूया.

मष्णू : दुपारधरनं माईक नाचवायलास, आनि फडक्याला हात लावू देईनास! माझं चांगलं व्हायला नको हाय व्हय तुला? कातरी दे.

भावकू : मष्णू, नको.

मष्णू : दे म्हनतो न्हवं!

भावकू : आप्पांनी विनलंय ते.

मष्णू : कुनी?

भावकू : तुझ्या आप्पांनी. दुकानात आलते. सुतळीनं पेटीचं माप घेऊन गेले. म्हनले, जाळी फाटलीया, सुताचा भुसा आत गेला तर पोराचं बिघडंल. दुहेरी सूत घातलंय बघ, टिकाय पाहिजे म्हनून. काठ पन काढलाय. तुला सांगू नको म्हनून शपथ घातली मला.

मष्णू : … खिळे काढून सोडवता येतंय का?

भावकू : खिळे कुठले? सरसानं चिकटवलंय त्यांनी. फाडायलाच लागतंय.

मष्णू : मग राहू दे. हाय तसंच कॅसेटीत भर.

भावकू : येडा का खुळा तू? असली कॅसेट ऐकून कुत्रं तरी घेईल का तुला?

मष्णू : न्हाय घेतलं तर न्हाय! उद्यापासनं मागावर बसतो. मला न्हाय फाडता यायचं ते.

(मष्णूचे वडील मल्लाप्पा दारात येऊन उभे राहतात.)

मल्लाप्पा : फाड की.

मष्णू : आप्पा… तुम्ही कवा आलासा?

मल्लाप्पा : कट्ट्यावरच हाय मी दुपारधरनं. मला पन कळंना, ह्येचा आवाज आज असा बसल्यागत का यायलाय. रोज असा येत न्हाय.

मष्णू : रोज ऐकताय?

मल्लाप्पा : भावकू, कातरी दे त्येला. गाडी जाईल.

मष्णू : एवढं दुहेरी सूत घालून विनलासा, आनि मी…

मल्लाप्पा : फाड म्हनतो न्हवं. तू कोल्हापूरला जायच्या आत दुसरं विनतो. विरळ.