गुळात अडकलेला हत्ती

…आणि वर मलाच विचारता, "रघोजी, सकाळपासून आमच्या ओट्यावर का बसलायस, घरी का जात नाहीस?" घरी जाऊ? कसा जाऊ? घरात राजम बसलीय, पुढ्यात मुरुक्कूचं पीठ, हातात सोऱ्या, आणि मी उंबऱ्यात पाय टाकला की झालं सुरू! "अहो, शेवटचं विचारते. सरोजा दिवाळीला येतेय की पोंगलला? परवा पत्र वाचलंत तेव्हा दिवाळी, काल वाचलंत तेव्हा पोंगल, आज सकाळी म्हणालात येतच नाही, ताप आलाय! एका कागदात इतकं?" आता काय सांगू त्या बाईला? सगळं त्या हत्तीमुळं झालं. हत्ती कुठं गेला, हत्ती कुठं गेला… दहा वर्षं झाली, अजून माझी पाठ सोडत नाही.

हसू नका. नीट ऐका. आणि हे ह्या ओट्यावरून खाली उतरता कामा नये, आधीच सांगतो.

तुम्हाला ठाऊक आहे, मी जटकेवाला, घोडागाडी हाकणारा. स्टेशन ते मोठं देऊळ, देऊळ ते स्टेशन, चाळीस वर्षं. शाळा म्हणाल तर दुसरीत मास्तरानं माझा कान पिळला, तिसरीत मी मास्तराची खुर्ची मोडली, संपली शाळा. तमिळ अक्षरं दुकानाच्या पाटीपुरती येतात. बाळबोध, म्हणजे मराठी पुस्तकातली अक्षरं… ते येईलच पुढं.

सत्तावन्न साली आपल्या चंद्रमतीबाईंच्या डोक्यात आलं, शाळेत शिकवायच्या त्याच, की आपली पोरं मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळात देतात, असंच चाललं तर मराठी बोलायला देवाशिवाय कुणी उरणार नाही. म्हणून दर रविवारी त्यांच्या तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, वर्ग. पुण्याच्या कुणा ओळखीच्या मास्तरांनी चित्रांचं पुस्तक धाडलं होतं. पोरांनी चित्रं बघायची, त्यावरून आपली आपली गोष्ट लिहायची, आणि नवरात्रात ते मास्तर स्वतः येऊन ऐकणार. छान! पण मध्येच बाईंच्या मुलीला कुंभकोणमला दिवस भरले. बाई माझ्याच जटक्यात स्टेशनला निघाल्या आणि उतरता उतरता पुस्तक माझ्या हातात! "रघोजी, तुमच्या तोंडाला तर मराठीची कमी नाही. चार रविवार सांभाळा. खालचं वाचून दाखवायचं, वरचं चित्र दाखवायचं, पोरं लिहितील." मी म्हटलं, "बरं बाई."

का म्हटलं? अहो, गाडी सुटायला पाच मिनिटं, मागून मोटारवाला भोंगा वाजवतोय… आणि खरं सांगू? साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात चाबूक सोडून दुसरं काही दिलं होतं.

पुस्तक ठेवलं बैठकीखालच्या पेटीत. त्या पेटीत घोडीचे उकडलेले कुळीथ आणि गूळ. तंजावूरचं ऊन काय ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी उघडतो तर मधली दोन पानं गुळानं एकमेकांना अशी धरून बसलेली, जशी नव्या लग्नाची! ओढली तर फाटणार. म्हटलं, राहू दे.

वर्गाला वैद्यनाथ, धनलक्ष्मी, प्राणेश, आणखी सातआठ पोरं, आणि माझी सरोजा. माझ्या वेंकटेशची पोर, सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं हो! "पाणी आण गं," म्हटलं की आणायची, पण विचारायची काय? "वेरे एन्न वेणुम, तात्ता?" आणखी काय हवं, आजोबा, म्हणून तमिळात! एक शब्द कधी मराठी नाही. आणि वेंकटेशची मद्रासला बदली झालेली, नवरात्र संपलं की निघणार. माझ्या मनात एकच. पोरीनं जायच्या आत एक वाक्य मराठीत बोलावं. एकच! शिवी दिली तरी चालेल.

तर मी पुस्तक धरलं डोळ्यांपुढं, घसा खाकरला, आणि लागलो वाचायला. वाचतोय कसला, चित्र बघून ठोकून देतोय! एक हत्ती, लाल छत्री घेऊन नदीवर निघालाय. पुढचं पान उलटलं… चिकटलेलं. त्याच्या पुढचं उलटलं, तर आंब्याखाली नुसती छत्री पडलेली, वर कावळा! हत्ती नाही. सगळी पोरं एका सुरात, "तात्ता, आनै एंगे पोच्चु?" हत्ती कुठं गेला? मला काय ठाऊक कुठं गेला! गुळात गेला!

मग मी मास्तरकी केली. म्हटलं, "लेको, गोष्ट म्हणजे सवारी. कोण चढला, कुठं निघाला, वाटेत काय आडवं आलं आणि कुठं उतरला, एवढं सांगा. सवारी उतरवल्याशिवाय जटकेवाल्याला घरी जायला मिळत नाही. हा हत्ती चढलाय, उतरलेला नाही. तुम्ही उतरवा!" आणि काय सांगू तुम्हाला, चार रविवार पोरांनी पेन्सिली चघळून संपवल्या! दर रविवारी मी नवं वाचायचो, पोरं टोकायची, "मागच्या वेळी असं नव्हतं!" मी म्हणायचो, "मागच्या वेळी तुम्ही नीट ऐकलं नव्हतं." सरोजा मात्र कोपऱ्यात बसून माझ्या तोंडाकडं बघायची. वही कोरी. तोंड बंद.

नवरात्र आलं. बाई परतल्या, पुण्याचे मास्तर आले, धोतर, टोपी, चष्मा. तिण्णैवर पोरं, रस्त्यावर आख्खी गल्ली. मास्तरांनी वैद्यनाथची वही उघडली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर! "हे काय? मी मराठी गोष्टी ऐकायला आलो, ही तर सगळी तमिळ!" बाईंनी खाली मान घातली. अहो, अक्षरं तमिळच असणार! पोरांना तीच येतात, मी कुठली दुसरी शिकवणार होतो? मी म्हटलं, "वाच रे वैद्यनाथ." आणि पोरानं खणखणीत वाचलं, "हत्ती नागपट्टणमच्या गाडीत चढला. टीसी म्हणाला, तिकीट. हत्ती म्हणाला, सोंडेत आहे, हात घालून घे." मास्तर असे हसले की टोपी मांडीवर पडली! धनलक्ष्मीचा हत्ती सासरी गेला आणि दार लहान म्हणून परत आला. प्राणेशचा मोठ्या देवळात चाकरीला लागला, लोकांची केळी खातो आणि घरी कळवत नाही.

इथं संपलं असतं तर आज मी घरी बसून मुरुक्कू खाल्लं असतं. पण मास्तरांना पुस्तक दिसलं. म्हणाले, "अरे, पान चिकटलंय वाटतं," आणि खिशातला चाकू काढून मधे घातला… कर्रर्र! आत हत्ती, पांघरूण घेऊन झोपलेला. आणि मास्तर वाचायला लागले, "हत्तीने नदीवर स्वच्छ स्नान केले. नखे कापली. तो वेळेवर घरी गेला व लवकर निजला."

संपलं. एवढंच!

पोरं एकमेकांकडं बघतायत. मी घोडीकडं बघतोय, की चढून पळावं. आणि कोपऱ्यातून सरोजा उठली. दोन्ही हात कमरेवर. "तुला वाचायला येत नाही! माझ्या आज्याला येतं. तू खोटं वाचतोस. पुस्तक दे त्याला!"

चार वाक्यं! मी एकच मागितलं होतं. चार! आणि पुण्याच्या मास्तरांना अरेतुरे!

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चाकूला लागलेल्या गुळाकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं हो, मी तोंड बघूनच ओळखलं. त्यांनी पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे बाळ. मला नाही नीट येत. रघोजीराव, तुम्हीच वाचा."

मोठा माणूस! पण त्यानं मला कायमचा अडकवला ना! आख्ख्या गल्लीनं ऐकलं. त्या दिवसापासून रघोजी म्हणजे बाळबोधाचा पंडित. आता येत नाही म्हणून सांगायची सोयच उरली नाही!

आठव्या दिवशी वेंकटेश पोरीला घेऊन मद्रासला निघाला, मीच त्यांना स्टेशनला सोडलं. गाडी हलली तशी पोर खिडकीतून ओरडली, "आजा, हत्ती कुठं गेला ते पत्रात लिही!" आजा म्हणाली. तात्ता नाही, आजा. मी गाडीकडं बघत राहिलो ते घोडीनं खिंकाळून आणलं भानावर.

मग दहा वर्षं पत्रं येत राहिली. मराठी, पण तमिळ अक्षरांत. मी अर्धा दिवस एकेक अक्षर जोडत बसायचो, पण कळायचं. आणि परवा आलं ते हे! मद्रासला हिंदीच्या वर्गात गेली आणि बाळबोध शिकली. कशासाठी? आज्याला वाचायला सोपं जावं म्हणून! आता बोला! चंद्रमतीबाई असत्या तर गुपचूप जाऊन वाचून घेतलं असतं, पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तिकडं राजम मुरुक्कू किती करायचं म्हणून थांबलीय. आणि मला… मला पण कळायला नको? पोरगी येतेय की नाही?

हे बघा, काढतो खिशातून. जपून धरा. तुमच्यात कुणाला येतं का हे? श्रीनिवासराव, तुम्ही तर कचेरीत होतात… नाही? तुम्हाला? तुम्हाला पण नाही? अहो, एवढे मराठे बसलात ओट्यावर!

बरं, ते खाली बघा, कोपऱ्यात. एवढं मात्र मी पण वाचू शकतो. हत्ती काढलाय. डोक्यावर लाल छत्री, बाजूला जटका, आणि एक पाय पायरीवर. आता हा चढतोय की उतरतोय, काय समजायचं?

राहू द्या. सरका जरा, उजेड येऊ द्या. मीच वाचतो.