दीडशे गुणांचा डाव

— इस्त्रीची वायर वर धरा, सूनबाई, वर. कापडाला शिवता कामा नये. अशी. आणि छताकडे काय पाहता? वर सभागृहात खुर्च्या ओढल्याचा आवाज आहे, दुसरे काही नाही. आपल्या क्लबचे सभासद बसण्यापूर्वी पाच-पाच वेळा जागा बदलतात. तुम्हांला ते नवीन असेल, मला त्यातली प्रत्येक खुर्ची आवाजावरून ओळखता येते. सभेला अवकाश आहे. ठराव तुमचा आहे, तुम्ही पोहोचाल, मांडाल, सगळे यथास्थित होईल — पण सभेनंतर या टेबलावर सामना आहे आणि इस्त्री राहिलेली आहे, ती मी एकट्याने कशी करू? बिलियर्डच्या टेबलाला इस्त्री करायची ती खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, कापडाची लव जिकडे झुकते तिकडेच. उलट फिरवलीत की चेंडू वाट सोडतो. सावकाश करायचे काम आहे हे. सावकाश म्हटले की तुमची पिढी घड्याळ पाहते, मला ठाऊक आहे — काय? हसलात कशाला? घरी ‘अगं’ म्हणतो आणि इथे ‘अहो’, म्हणून? हसा. घरी तुम्ही माझ्या मुलाची बायको, इथे खेळाडू. टेबलाशी क्यूची काठी घेऊन जो उभा राहिला त्याला मी अरे-तुरे करीत नाही. तो टोपीवाला मला ‘कासव’ म्हणतो, त्यालासुद्धा मी ‘अहो टोपीवाले’ असेच म्हणतो.

तर तुमचा ठराव. फलकावर लावला आहे, मी वाचला — तीनदा वाचला. चार तासांचा सामना बंद. त्याच्या जागी दीडशे-दीडशे गुणांचे तीन डाव, दोन जिंकेल तो पुढे. सारी स्पर्धा दोन रविवारांत उरकायची — ‘उरकायची’ हा शब्द माझा, तुम्ही ‘संपवावी’ लिहिले आहे, अर्थ तोच. आणि नवख्याला आगाऊ गुण! आगाऊ! अहो, नवख्यांत आगाऊपणा मुळातच असतो, त्याचे वेगळे गुण कशाला द्यायचे? — बरे, विनोद राहू द्या. मी विचारतो, लग्न उरकावे तसा खेळ उरकून मिळवायचे काय? समोरचा खेळतो आहे, चेंडूवर चेंडू लावतो आहे, तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आहात, तास होतो, तुमची पाळी येत नाही — या बसण्यात माणूस कळतो. तो खुर्चीत पिकतो तरी, नाही तर सडतो तरी. भल्याभल्यांना मी त्या खुर्चीत बसवून घाम फोडला आहे. दीडशे गुणांत काय होणार? खुर्ची गरम होण्याआधी हस्तांदोलन!

हं? यंदा स्पर्धेला सातच नावे आली, ठाऊक आहे. सातांपैकी दोघांना मोतीबिंदू आहे, हेही ठाऊक आहे. गेल्या अंतिम सामन्याला प्रेक्षक कोण होते, तेही सांगा ना — पंच, मी आणि टोपीवाले, त्यांपैकी टोपीवाले घोरत होते. पंचांनी दोनदा ‘शांतता राखा’ म्हटले ते त्यांनाच. पण म्हणून घर लहान करायचे? पाहुणे येत नाहीत म्हणून? तुम्ही म्हणणार, पाहुण्यांना उंबरठाच ओलांडता येत नाही. प्रयोगशाळेत पाळ्यांत काम करणारी बाई चार तास कुठून आणणार, दुकानाचे शटर कोण ओढणार, तान्हे मूल कोणाच्या मांडीवर ठेवणार — ऐकले आहे मी हे, जेवताना रोज ऐकतो, तुमच्या सासूबाई तर हल्ली भाजी वाढतानासुद्धा ‘दीडशे’ म्हणतात. मी म्हणतो, ज्याला हवे असते तो वेळ काढतो. मी काढला. गुदामात दिवसभर पेट्या उचलून इथे येत होतो, हात शिशासारखे जड — आणि तरी हात बसायला तेव्हा दहा मिनिटे पुरत. आता तास लागतो. तास! लाल चेंडू कोठे आहे ते दिसते, कोठे जाणार तेही दिसते, पण हात अजून घरीच असतो, मागाहून येतो — आणि त्या दिवशी तू काय केलेस? हात पोहोचण्याआधीच डाव संपवलास! ‘बाबा, एकदा खेळून तर पाहू, दीडशेचा’ — पाहिले! मी क्यूला खडू लावतो आहे आणि तू शंभराच्या पुढे. तो काय माझा खेळ होता? घरी मी ‘बरोबरीत सुटला’ म्हणालो. आणि तू मान खाली घालून पोळी वाढत राहिलीस — ते मला त्या हरण्याहून — तुम्ही. तुम्ही वाढत राहिलात. इस्त्री धरा जरा, हात अवघडला.

— ही पहिली घंटा. सभेआधी अशा दोन होतात. वायर सोडू नका, हा पट्टा अर्धा राहिला तर मधे रेघ उमटेल. आणि तुमचा विषय काही लगेच येणार नाही — म्हणजे येईल, पहिलाच आहे. चिटणिसांना मीच सांगितले, पहिला घ्या. का म्हणजे? महत्त्वाचा विषय आधी घ्यावा. ...असे बघू नका. मांडणारा हजर नसेल तर ठराव वर्षभर बाजूला पडतो, हा काही मी तुमच्यासाठी केलेला नियम नाही. केला मीच आहे, पण फार पूर्वी, दुसऱ्या कोणासाठी. आणि वाट मी अडवलेली नाही. मी उभा आहे तिथे दार आहे, इतकेच.

जाल हो, जाल! पण जाऊन म्हणणार काय? ‘स्पर्धा सोपी करावी’ — तुमचेच वाक्य. सोपी! हा शब्द कानी पडताच वरची सगळी मंडळी हसतील, आणि योग्यच हसतील. खेळ सोपा करा म्हणणारा खेळाडू म्हणजे पाणी पातळ करा म्हणणारा पोहणारा. तुम्हांला सोपी म्हणायचेच नव्हते मुळी! सहा-सहा तास सराव करणारी बाई तुम्ही, तुम्हांला सोपे कशाला हवे? सोपे ते, जे करायला कष्ट नाहीत. तुम्हांला जो शब्द हवा होता तो निराळा — मला कोणी शाळेत शिकवला नाही, चौथीत शाळा सुटली. गुदामात पेटीवर बसून, जेवणाच्या सुट्टीत, पान-पान करून शब्दकोश वाचला तेव्हा सापडला. सुलभ. लभ् म्हणजे मिळणे. लाभ त्यातलाच, दुर्लभ त्यातलाच. सुलभ म्हणजे करायला सोपे असे नव्हे, सुलभ म्हणजे हाती लागण्याजोगे. विहीर खोल असू दे हो, खोलच असावी, उपसणाऱ्याचे दंड भरून येऊ देत — पण दोर पाण्याला पोहोचला पाहिजे की नको? आपली स्पर्धा अवघड आहे, हा तिचा मान आहे. पण आज ती नुसती अवघड नाही, ती दुर्लभ आहे, आणि दुर्लभ असणे हा काही खेळाचा गुण नव्हे, तो आम्हां म्हाताऱ्यांचा —

...

काय लिहिलेत हातावर? दाखवा. — ‘सु’ ऱ्हस्व आहे.

ही दुसरी घंटा. जा. वायर टाका तिथेच, रेघ उमटली तर उमटू द्या. जिना जपून चढा, आणि नुसते ‘सुलभ’ म्हणून खाली बसू नका, विहिरीचे सांगा, नाही तर टोपीवाले त्याचा भलताच अर्थ लावतील. — माझे मत? माझे मत विरुद्ध आहे. तुमच्या मागोमाग येतो आणि विरुद्धच हात वर करतो, सगळ्यांच्या देखत. त्यात बदल व्हायचा नाही. पण चुकीच्या शब्दाविरुद्ध हात वर करायचा म्हणजे मला लाज वाटते. सरकलो आहे ना बाजूला? मग उभी काय राहिलीस? जा.