दिवस मावळायच्या आत

हॅलो?... कोण, कंचन? बोल की गं. किती दिवसांनी...

काय? छातीत धडधड?... पाच रात्री झोप न्हाई आन् आज सांगतीस?

योगाच्या वर्गाला जातीस ना?... हो, हो, पटलं, श्वासाचं केलं की बरं वाटतं. पण डॉक्टर काय म्हणले व्हते? योगपण करा, गोळीपण घ्या. घेतीस ना?... कंचे, खरं सांग.

...चौविहार? चातुर्मासात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न्हाई, म्हणून रातची गोळीच सोडली? लेकाला, कल्पेशला सांगितलंस?... न्हाईच.

अगं ऐक ना, रडू नको. नियम मोड असं कोण म्हणतंय? रोज्यात माझी बीपीची गोळी मी डॉक्टरांना विचारून सहरीला, पहाटे रोजा धरायच्या आधी घेते. तू विचारलंसच न्हाई.

...नुसत्या योगावर निभंल? गेल्या साली उदासीनं तीन महिने अंथरूण सोडलं न्हाईस. मला तुला पुन्हा तसं बघायचं न्हाई, कंचे.

आठवतं, जुन्नरच्या शाळेत वृक्षासन? शिवनेरीकडं तोंड करून सगळ्या पोरी एका पायावर, आन् तू माझा खांदा धरून... हसलीस, बरं वाटलं. तुझ्या परकराला तुमच्या दुकानातल्या कोऱ्या कापडाचा वास यायचा. लई ग्वाड दिवस व्हते गं. आसन तुझंच व्हतं, पण खांदा लागायचा ना? तसंच हे.

थांब, ठेवू नको. नातीच्या, रूहीच्या फोनवरून डॉक्टरांना लावते...

हॅलो, डॉक्टरसाहेब? सायराबानू बोलते, कंचनबाईंची मैत्रीण... पाच दिवस गोळी चुकलीय हो त्यांची... दिवस मावळायच्या आत घेतली तर चालंल?... राहिलेल्या भरून काढायच्या न्हाईत, एकच... बरं, सोमवारी घेऊन येते.

ऐकलंस? चालतंय. बाहेर बघ, उजेड हाय?... मग घे. मी हाय फोनवर.

...

गिळलीस?... अजून पाणी पी, रातभर मिळायचं न्हाई तुला.

उद्या पहिल्या जीपनं नारायणगावला येते... कशाला म्हणजे? अजून डुलत असशील की एका पायावर. धरायला खांदा नको?

...हां, अजानच ती, दिवस मावळला. तुझं पाणी संपलं, माझी नमाज आली. ठेवते गं.