मी शून्य केलेली वजाबाकी

माझ्या काटेकोरपणाचं तुम्ही कौतुक करता ना, मग हे ऐकाच. कोपरला राहायला आलो तेव्हा मी घरी प्रबंध टाइप करून द्यायचो. शेजारच्या मेधाचा गणिताचा प्रबंध माझ्याकडे आला. गणिताची चिन्हं मशीनवर नसायची, त्यांची जागा सोडून मी ती हाताने शाईने भरायचो.

तिच्या कागदांवर जागोजागी एकच वजाबाकी होती: डी गुणिले एफ, वजा एफ गुणिले डी. मला वाटलं, पोरगी दमलीय. पाच साते काय, सात पाचे काय, पस्तीसच; वजाबाकी शून्य. मी सगळीकडे सुबक शून्य भरलं.

प्रबंध परवा द्यायचा होता. मेधाने पानं चाळली आणि एका शून्यावर बोट ठेवलं.

"काका, हे काय केलंत?"

"सोपं केलं."

"अहो, हे आकडे नाहीत, क्रिया आहेत. क्रम बदलला की उत्तर बदलतं. त्या फरकावरूनच मला पृष्ठभाग गुळगुळीत आहे का ते कळतं. तो फरकच शून्य करून तुम्ही अख्खा पृष्ठभाग एका ठिपक्यात कोंबलात!"

आतून बायको म्हणाली, "अहो, भाकरी थापून भाजतात. तुम्ही भाजून थापून दाखवा बघू."

मी मशीनला नवा कागद लावला. एकोणीस पानं पुन्हा केली, प्रबंध वेळेवर गेला.

पुढे मेधा एक लेख टाइप करायला घेऊन आली. पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "काका, चूक दिसली तर माझी म्हणून राहू द्या."